सांडव्यातले काटे

आई मुंबईला गेली ती महिन्याभरासाठी म्हणून. थोरला भाऊ तिथं भाजीबाजारात पाट्या वाहायचा. त्याला कावीळ झाली आणि पथ्याचं करून घालणारं कुणी नव्हतं. जाताना आईने मिठाची बरणी कुठं आहे, हुलगे कुठल्या गाडग्यात आहेत आणि विरजणाला ताक किती लावायचं एवढंच मला सांगितलं. बाकीचं मला येतंच असं धरून ती निघाली. भाऊ बरा झाला, पण तोवर त्याच्या खोलीतल्या आमच्याच भागातल्या सहा-सात जणांना तिच्या हातच्या जेवणाची सवय लागली होती. महिन्याचे दोन महिने झाले, मग वर्ष झालं. सणाला ती यायची, चार दिवस घरात भांड्यांचा आवाज व्हायचा, आणि पाचव्या दिवशी वेल्ह्याच्या स्टँडवर तिला एसटीत बसवून आबा आणि मी एकमेकांशी न बोलता डोंगर चढून परत यायचो.

आबा म्हणजे माझे वडील. मला तेव्हा सोळावं लागलं होतं. आठवीनंतर शाळा सुटली होती, कारण भाकरी, शेण, पाणी आणि गुरं हे सगळं आता माझ्याकडे आलं होतं. आमचं घर वाडीच्या अगदी वरच्या टोकाला. खाली चुलत्यांचं घर, त्याच्या खाली आणखी आठ-नऊ घरं. पावसाळ्यात तोरण्यावरून ढग उतरले की ही सगळी घरं पुसली जायची. चुलत्यांच्या गोठ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, कुणीतरी खोकल्याचं ऐकू यायचं, पण माणूस दिसायचं नाही. अशा दिवसांत मी दारात बसून नुसती ऐकत राहायची. मध्येच चुलतीने हिराला मारलेली हाक वर यायची, आणि ती माझ्यासाठी नसली तरी बरं वाटायचं.

आबा फार कमी बोलत. रागीट नव्हते, नुसते गप्प होते. नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, पावसात कुर्डूची भाजी, कधी ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचं कालवण, जे ताटात पडेल ते खायचे आणि ताट स्वतः धुऊन पालथं घालायचे. वाडीतला दुसरा कुठलाही बापया ताट धूत नसे. भाजीत मीठ जास्त झालं तर पाणी जास्त प्यायचे, त्यावरून मी ओळखायचं. आज माझी नातवंडं जेवताना एवढी बोलतात की मला घास मोजता येत नाहीत, आणि तरी एखाद्या दिवशी जेवणात सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले की मला तेच घर आठवतं.

आबा बोलायचे ते फक्त रानाबद्दल. तरुणपणी दुष्काळात ते भोंगवलीकडे सरकारी बांधबंदिस्तीच्या कामावर गेले होते. तिकडची जमीन मोकळी, कमी पावसाची. तिथल्या एका मुकादमाने त्यांना उतारावर सारख्या पातळीची रेघ कशी काढायची ते शिकवलं. दोन लांब काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी ठोकायची, आणि वरून दोरीला दगड सोडायचा. दोरी आडव्या काठीच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पाऊल पाऊल टाकत डोंगराला आडवं जायचं आणि मागं खुंट्या मारत यायचं. वाडीतली माणसं त्या सांगाड्याला 'आबाची फेंगडी' म्हणायची आणि हसायची.

आजोबांच्या वाटणीत थोरल्या चुलत्यांना, म्हणजे नानांना, खालची भाताची खाचरं जास्त मिळाली होती आणि आम्हाला वरचं उताराचं रान. उतारावर नाचणी, वरी असंच व्हायचं. सगळे तिथं औत वर-खाली धरायचे, बैलांना आणि माणसाला तेच सोपं. पावसात औताने पडलेल्या प्रत्येक तासातून, त्या चरातून, पाणी धावायचं आणि ओढा विटकरी व्हायचा. आबा मला ओढ्यावर नेऊन ते पाणी दाखवायचे. "हे पानी न्हाई," म्हणायचे, "हे रान चाललंय." चार-पाच वर्षं पीक घेतलं की खाली खडक दिसायला लागायचा, मग तो तुकडा पडीक टाकून दुसरा फोडायचा. आबांना ते बघवत नसे. त्यांनी औत आडवं धरलं. नाचणी उपटायची नाही, कापायची, मुळं मातीत राहू द्यायची असं ठरवलं. आणि सहा उन्हाळे घालून उतारावर एकाखाली एक अशा चार दगडी ताली रचल्या. ताल म्हणजे माती अडवणारी बुटकी भिंत. हातभर पाया खणायचा, मोठे दगड खाली, भिंत जरा डोंगराकडे कललेली, मागं बारीक खडी, वर गवताची ठोंबं. चुना नाही, सिमेंट नाही. दगड नीट बसला की 'ठक' असा एकच आवाज यायचा. नाही बसला तर दोन यायचे. मी स्वयंपाक करता करता वरून येणारे ते आवाज ऐकायची.

प्रत्येक तालीला एका टोकाला एक वाट ठेवलेली असे. तो सांडवा. माती मागं राहायची आणि जास्तीचं पाणी सांडव्यातून हळूच खालच्या पायरीत उतरायचं. पावसाळ्यात माझं रानातलं एकच काम होतं, चारही सांडवे मोकळे ठेवणं. आबांनी सांगितलं होतं, सांडव्यात काडी अडकली तरी काढायची. चौथ्या वर्षी खालच्या दोन तालींच्या मागं माती गुडघाभर साठली आणि त्या पायरीत मी माझ्या हौसेने घेवडा लावला. माझ्या नावाचं असं जगात तेवढंच होतं.

हिरा नानांची मुलगी, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. मला बोलायला ती एकच. नानांच्या शेळ्या घेऊन ती वर यायची, शेळ्या सोडून द्यायची आणि आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो, करवंदं खायचो, मुंबईला गेलो तर कुठल्या रंगाचं लुगडं घेऊ ते ठरवायचो. शेळ्यांना तेवढ्यात सांडव्याची वाट सापडली. तीन दिवसांत त्यांनी माझा अर्धा घेवडा खाल्ला.

श्रावण लागला होता. आबा आईला तांदूळ पोचवायला मुंबईला गेले होते, दोन दिवसांत येणार होते. शेवटच्या तालीचा सांडवा आपण तेवढ्यापुरता बंद करू असं मी म्हणाले. हिराने करवंदीचे फाटे तोडून आणले, मी ते सांडव्यात दाबून बसवले, ते हलू नयेत म्हणून वर तीन दगड ठेवले. हिराच्या बोटात काटा गेला, तो मी सुईने काढला. शेळ्या वाटेशी येऊन परत फिरल्या तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. आबा यायच्या आत काढायचं, एवढं मात्र मी मनात म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस वाढला. दुपारी तो नुसता ओतायला लागला. मला काटे आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण चुलीपुढं ऊब होती, हिरा भिजून आली होती, मी तिचं डोकं पुसत होते आणि ती काहीतरी सांगत होती. पाऊस जरा कमी झाला की जाऊ, असं मला वाटलं. मग खालच्या तालीकडून आवाज आला. दरड कोसळते तसा नाही, त्याहून हलका, पाटीतले दगड कुणी जमिनीवर ओतावेत तसा, पण तो थांबेचना. आम्ही डोक्यावर इरली घेऊन पळालो. काटे, दगड, सांडवा, काहीच राहिलं नव्हतं. शेवटची ताल मधल्यापासून सांडव्यापर्यंत फुटली होती आणि तिच्यामागं साठलेली चार-पाच वर्षांची माती दगडगोट्यांसकट खाली नानांच्या सगळ्यात मोठ्या खाचरात जाऊन बसली होती. महिन्यापूर्वीच त्यात भात लावला होता. हिरव्या रोपांचे शेंडे एका कडेला तेवढे दिसत होते.

नाना आले, चुलती आली, खालची माणसं आली. कुणी मला काही विचारलं नाही. विचारायचं काय, सगळ्यांना कारण ठाऊक होतं. नाना एवढंच म्हणाले, "पान्याची वाट अडवली की असंच हुतं." ते आबांच्या तालीबद्दल बोलत होते, काट्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. हिरा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग ती आईजवळ जाऊन उभी राहिली.

आबा दुसऱ्या दिवशी परत आले. ते नानांकडे गेले, खाली मान घालून उभे राहिले, काहीतरी बोलले. नाना उठून आत गेले. त्या दिवसापासून दोन घरांतलं बोलणं बंद झालं, आणि नाना वाडीत मोठे, म्हणून हळूहळू वाडीचंही. कुणी शिवीगाळ केली नाही, भांडण नाही. नुसतं, मी पाणवठ्यावर गेले की बायका हंडे भरून लवकर निघायच्या. भातकापणीला एकमेकांच्या रानात जायची इर्जीक असते, त्या वर्षी आम्हाला कुणी बोलावलं नाही आणि आमच्याकडे कुणी आलं नाही. आमचं एवढंसं खाचर आणि वरची नाचणी आम्ही दोघांनीच कापली, बारा दिवस. खालच्या रानातून बायकांची गाणी वर यायची. मी मुद्दाम विळा जोरात चालवायची.

हिरा शेळ्या दुसऱ्या डोंगरावर न्यायला लागली. मला वाटलं, ती रागावली. खाचर तिचं, भात तिचा, काटे माझे, रागवणारच. एकदा वाटेत समोरासमोर आलो तेव्हा ती वाटेच्या कडेला सरकून उभी राहिली, वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. मी पुढं गेले. मागं वळून बघितलं तर ती अजून तशीच उभी होती.

आणि आबा. ते रोज संध्याकाळी फेंगडी घेऊन फुटलेल्या तालीवर जायचे आणि मोजायचे. चूक कुठं झाली ते त्यांना सापडत नव्हतं. पाया कमी खणला असेल, दगड बारके पडले असतील, रेघच चुकली असेल. जेवताना त्यांचं बोट ताटाच्या कडेवर फिरत राहायचं. दिवाळीला आई आली, तिने विचारलं, "तुमचं दोघांचं काय झालंय?" आम्ही दोघंही काही नाही म्हणालो. मला तिला सांगायचं होतं. पण ती चारच दिवस होती, आणि त्यातला एक दिवस तिने गोधडी शिवण्यात घातला, एक माझ्या केसांत, आणि मग स्टँडवर ती गाडीत चढताना मला वाटलं की आता सांगितलं तर ती हे ओझं घेऊन एकटीच मुंबईपर्यंत जाईल.

फाल्गुनात एक दिवस दुपारची भाकरी घेऊन वर गेले तर आबांनी सगळ्यात वरच्या तालीवरची गवताची ठोंबं मुळासकट उपटून बाजूला रचली होती. मला वाटलं, डागडुजी चाललीय. मग त्यांनी पहार घातली आणि वरचा दगड सुटा केला. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, "पाडतुय. नानाच्या खाचराच्या डोक्यावर अजून तीन उभ्या हायती. मला माप जमत न्हाई, हे आता कळलं."

हे लिहिताना माझा हात थांबतो, पण खरं ते हेच. मी काही बोलले नाही, उलट पदर खोचून त्यांनी काढलेले दगड वाहायला लागले. चार दिवस लागले. मोठे दगड त्यांनी स्वतः कोपऱ्यात नेऊन मांडले, बारके मी. जो दगड त्यांनी कधीतरी उन्हात बसून फिरवून फिरवून बसवला होता, तो एका धक्क्यात सुटायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिथं नुसती मातीची उघडी कड राहिली. ती ताल पुन्हा कधी झाली नाही. आजही भाच्यांबरोबर त्या रानात गेलं की वरच्या टोकाला खडक उघडा पडलेला दिसतो. भाचे म्हणतात, तिथं पहिल्यापासून खडकच आहे. 

पाचव्या दिवशी आबा दुसऱ्या तालीकडे गेले. त्यांनी पहार उचलली आणि मी म्हणाले, "आबा, सांडवा म्या बंद केला हुता."

त्यांनी पहार तशीच धरली. "कुठला?"

"खालच्या तालीचा. करवंदीचं काटं घालून. शेळ्या घेवडा खात हुत्या म्हनून."

"दगूड पन लावलं हुतं का?"

"तीन. काटं हलू नये म्हनून."

"उंची किती?"

मी गुडघ्याजवळ हात धरून दाखवला. ते मला खालच्या तालीपाशी घेऊन गेले आणि नेमकं कुठं, किती रुंद, ते सगळं दाखवायला लावलं. मग घरी जाऊन फेंगडी आणली. फुटलेल्या तालीचा पाया जमिनीत अजून शाबूत होता. त्यावरून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाऊल पाऊल गेले, दोरी प्रत्येक वेळी खुणेवर आली. "माप बराबर हुतं," ते म्हणाले. फेंगडी खाली ठेवून पुन्हा म्हणाले, "माप बराबर हुतं म्हंजी." आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी मार खायच्या तयारीने उभी होते. त्यांनी मारलं असतं तर सोपं गेलं असतं. ते माझ्यावर रागवायचं विसरूनच गेले होते, एवढा त्यांना आनंद झाला होता, आणि सात महिने मी त्यांना काय करून ठेवलं होतं ते मला त्या हसण्याने कळलं.

बऱ्याच वेळाने, सावली खाली आल्यावर, त्यांनी विचारलं, "येवढं दिवस का न्हाई बोललीस?"

"कुनाला सांगू?" मी म्हणाले. "घरात कोन हाय?"

ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तोंड डोंगराकडे केलं. मला ते शब्द परत घेता आले असते तर मी घेतले असते. त्या रात्री जेवताना त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं की घेवडा कुठल्या बियाचा होता. मी सांगितलं. एवढंच बोलणं झालं, पण त्यानंतर रोज काहीतरी विचारायचे. त्यांना जमत नसे. दिवसभर ठरवून ठेवलेला प्रश्न असावा असं वाटायचं.

नानांना सांगायला मी एकटी गेले. आबा येतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. नाना ओटीवर वाखाचा दोर वळत बसले होते, चुलती सुपात तांदूळ निवडत होती. हिरा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मला बघून दारातच थांबली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेळ्यांचं नाव काढलं नाही, नुसतं म्हटलं की सांडवा मी बुजवला आणि काढायला विसरले, तालीचा दोष नव्हता, आबांचा नव्हता.

चुलतीने सूप खाली ठेवलं. "एकटीनंच?"

दारातला तांब्या हलला, थोडं पाणी उंबऱ्यावर सांडलं. मी हिराकडे बघितलं नाही. "व्हय," मी म्हणाले, "एकटीनं."

नानांनी दोराला दोन पीळ दिले. मग म्हणाले, "खरं बोललीस, बरं केलंस. पर खरं बोलून खाचरातलं दगूड उठत न्हाईत."

"म्या उचलते."

"उचल," ते म्हणाले आणि पुन्हा दोर वळायला लागले.

चैत्रापासून मी रोज खाचरात जायला लागले. सकाळी भाकरी थापून, चुंबळ आणि पाटी घेऊन. आधी मोठे दगड, मग गोटे, मग मुरूम. खालून पाटी भरायची आणि उतार चढून फुटलेल्या तालीपाशी आबांच्या पुढं ओतायची. आबा तिथं ताल नव्याने रचत होते. त्यांनी एकदोनदा खाली येऊन पाटी उचलायला बघितली, पण मी त्यांना परत पाठवलं. येणारे-जाणारे खाचराच्या बांधावरून जायचे, थांबायचे नाहीत. ऊन एवढं असायचं की दुपारी दगडाला हात लावला की चटका बसायचा. पहिल्या आठवड्यात मानेत लचक भरली, तळव्याला फोड आले. मग काहीच वाटेनासं झालं. वरून 'ठक' असा आवाज आला की मला कळायचं, माझा एक दगड बसला.

महिन्याभराने दगड संपत आले आणि खाली माती लागली. ती आमच्या रानातली माती होती. मी तीही पाटीत भरायला घेतली, तेव्हा नाना आले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच खाचरात उतरले. वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, दाबून बघितली, नाकाजवळ नेली. "माती ऱ्हाऊ दे," म्हणाले. "दगूड तेवढं न्या." त्या वर्षी त्यांचा त्या खाचरातला भात कमरेला लागला. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण मी बघितलं.

वैशाखात हिराचं लग्न निघालं. मुलगा भोंगवलीकडचा. वाडीतल्या सगळ्यांना आमंत्रण होतं, भावकी म्हणून आम्हालाही अक्षता आल्या. आबा जाऊन मांडवात कडेला उभे राहून आले. मी गेले नाही. लग्नाच्या दिवशीही मी खाचरातच होते, शेवटचा कोपरा राहिला होता. खालून ताशा ऐकू येत होता, मग पंगतीतला गलका, मग भाताचा आणि तेलाचा वास. दुपार उतरल्यावर वरात डांबरी सडकेकडे निघाली, तिथं वऱ्हाडाचा टेम्पो उभा होता. वाट खाचराच्या बांधावरूनच जायची. मी पाटी खाली ठेवून उभी राहिले. हिरा पिवळ्या लुगड्यात, कपाळाला मुंडावळ्या, डोळे सुजलेले. ती माझ्यासमोर आली तेव्हा तिची चाल मंदावली. तोंड उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, चल बाई, उशीर होतोय. ती गेली. टेम्पोचा आवाज वळणावळणाने खाली जात राहिला, तो पार बुजेपर्यंत मी पाटी उचलली नाही.

मृग निघायच्या आधी खाचर मोकळं झालं आणि ताल उभी राहिली. नानांनी आमच्याशी पहिल्यासारखं बोलणं सुरू केलं नाही; ते शेवटपर्यंत आबांशी मोजकंच बोलले. पण पेरणीच्या वेळी एका सकाळी आबांनी मला हाक मारून बाहेर बोलावलं. शेजारच्या पट्ट्यात, नानांच्या उताराच्या रानात, औत चाललं होतं. नाना बैलांना वर-खाली नेत नव्हते. आडवे नेत होते. बैलांना सवय नव्हती, ते सारखे खाली ओढायचे, नाना त्यांना शिव्या देत वळवत होते, तासं वाकडीतिकडी पडत होती. आबा ओट्यावर उभे राहून सगळं रान होईपर्यंत बघत राहिले. चहा गार झाला.

पंचमीला हिरा माहेरपणाला आली. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन वर आली आणि नव्या तालीवर माझ्या शेजारी बसली. हातात हिरवा चुडा होता, अंगावर थोडं मांस चढलं होतं. तिकडं पाऊस किती कमी, बाजरीच्या भाकरीने पोटात कसं जड होतं, सासू बोलते पण मनाने वाईट नाही, नवऱ्याला सिनेमाची आवड आहे, असं ती बराच वेळ सांगत राहिली. मीही हसले, विचारलं, उत्तरं दिली. मी वाट बघत होते. तिने एकदाच नुसतं म्हणावं, येसू, फाटे म्या तोडलं हुतं. मला आणखी काही नको होतं. ती बोलता बोलता थांबली, खाली खाचराकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, आता. मग ती उठली, लुगड्याचं गवत झटकलं आणि म्हणाली, "जाते, आई वाट बघंल."

ती उतरून जाताना मला समजलं की वर्षभर ती माझ्यावर रागावलेली नव्हतीच. मी निदान सांगून मोकळी झाले होते, दीड-दोन महिने दगड वाहिले होते. तिला वाहायला काहीच मिळालं नाही. आणि 'एकटीनं' असं म्हणून मी तिला वाचवलं असं मला वाटत होतं, तर त्याच शब्दाने मी तिचं तोंड बंद केलं होतं. आता ती खरं बोलली असती तर मी खोटी ठरले असते.

पुढं माझंही लग्न झालं, मी कापूरहोळला आले, अंगणवाडीत लागले, संसार झाला. हिराची आणि माझी भेट लग्नाकार्यात व्हायची, एकमेकींच्या मुलांच्या तब्येती विचारायचो. चार वर्षांपूर्वी ती गेली. दहाव्याला मी भोंगवलीला गेले, त्या घरात पहिल्यांदाच. तिची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तिचं नाक अगदी हिराचं. म्हणाली, "मावशी, आई तुमचं नाव लई काढायची. लहानपणीची मैत्रीण म्हणायची. हितं तासाभरावर ऱ्हाता तुमी. एकदाबी कशा आला न्हाईत?"

मी म्हणाले, मला एसटी लागते बाई. बसलं की मळमळतं. ती बिचारी उठली आणि परतीच्या वाटेसाठी माझ्या हातात एक लिंबू आणून दिलं.